तात्यांचा चेंजर

(दृश्य: लाकडी पेटी, झाकण उघडं)

हा तात्यांचा चेंजर, म्हणजे रेकॉर्ड आपोआप बदलणारा जुना रेकॉर्ड प्लेअर. तात्या म्हणजे माझे आजोबा, सोलापूरच्या लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये लूमवर होते, आणि हे मशीन त्यांनी दिवाळीच्या बोनसमधनं घेतलेलं. वरची डेक, म्हणजे रेकॉर्ड फिरवणारा भाग, गॅरार्डची, इंग्लंडातल्या स्विंडन गावची कंपनी, आणि खाली पेटीत आपल्याकडच्याच कुणीतरी बसवलेला ट्रान्झिस्टरचा अॅम्प्लिफायर. वाटणीत घर, दागिने, तांब्या-पितळेची भांडी यावर भरपूर बोलणं झालं, पण माळ्यावरचं हे मशीन कुणालाच नको होतं, भंगारवाला किलोवर नेईल असंच सगळे म्हणत होते, मग मी म्हणलं मला द्या.

सोबत रेकॉर्डांची ट्रंक पण आली. एकाच ट्रंकेत बालगंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर आणि घंटसाला, म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू सगळं एकत्र. सोलापूरच्या घरात हे असंच असतं, आमची आत्या अजूनही शेजारणीशी तेलुगूत बोलता बोलता भाजीवाल्याशी कन्नडमध्ये भाव करते, आणि ज्या सिद्धरामेश्वरांची गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेला, आपण यात्रा करतो त्यांची वचनं, म्हणजे छोटी भक्तिपर कवनं, तर कन्नडच आहेत. त्यामुळे ही ट्रंक वाजलीच पाहिजे असं मला फार मनापासून वाटत होतं.

(दृश्य: बोर्डवरचा पिवळा बल्ब)

आता एक गोष्ट आधी सांगतो कारण बरेच जण इथंच मशीन जाळतात. वर्षानुवर्षं बंद असलेलं मशीन थेट प्लगला लावायचं नाही. नव्या पेठेत एक मेकॅनिक मामा आहेत, त्यांनी जन्मभर रेडिओ आणि टेप दुरुस्त केले, त्यांचं पहिलं वाक्यच हे होतं, "का बे, डायरेक्ट लाइनला लावतो काय? सिरीज बोर्ड आण आधी." म्हणजे साधा जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब मशीनच्या लाइनमध्ये सिरीजला जोडायचा. आत कुठं शॉर्ट असला तर बल्ब फुल पेटतो, करंट तिथंच अडतो आणि मशीन वाचतं. आमचा बल्ब एकदा चमकला आणि मंद झाला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर शाबूत होता. पण स्पीकरमधनं घुंऽऽ असा जाड आवाज, रेकॉर्ड लावायच्याही आधी.

तो आवाज पॉवर सप्लायच्या कंडेन्सरचा, म्हणजे वीज साठवून एकसारखी करणाऱ्या पार्टचा. त्याच्या आत जे ओलसर रसायन असतं ते वाळत जातं, आणि आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर, त्यात माळा पत्र्याखाली, मग काय राहतंय. कंडेन्सर वाळला की लाइनच्या उलटसुलट एसी करंटची एकसारखी डीसी नीट होत नाही आणि ५० हर्ट्झच्या लाइनची दुप्पट, १०० हर्ट्झची घुरघुर स्पीकरमधनं यायला लागते. मामांनी १००० मायक्रोफॅरडचा नवा टाकला, प्लस-मायनस दोनदा बघितलं, सोल्डर मारला, घुरघुर गेली. व्हॉल्यूम कंट्रोलची खरखर क्लीनरचा स्प्रे मारून गेली.

रेकॉर्ड ठेवायची थाळी फिरतच नव्हती, त्याला कारण ग्रीस. आतल्या लिव्हरांवरचं ग्रीस वाळून मेणासारखं घट्ट झालं होतं. पेट्रोलमध्ये बुडवलेल्या ब्रशनं सगळं काढायचं, लाइन बंद ठेवून आणि मोकळ्या हवेत, आणि परत लावताना अगदी थोडं लावायचं. मोटरच्या बुशांना, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या कड्यांना, शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब, बास. तेल रबराला लागता कामा नये.

(दृश्य: तळहातावर आयडलर चाक)

आणि रबर म्हणजे हे. याला आयडलर म्हणतात, सगळं मशीन याच्या जिवावर चालतं. मोटरच्या शाफ्टवर पायऱ्या-पायऱ्यांची एक छोटी पितळी पुली असते, ती या चाकाला फिरवते, चाक थाळीच्या आतल्या कडेला घासून थाळीला फिरवतं. नॉब ऑफ केला की चाक पुलीपासून बाजूला होतं. पण गाणं चालू असताना लाइट गेली आणि कुणी नॉबला हात लावला नाही तर चाक तसंच पुलीला दाबून राहतं, आणि रबराला तिथं खाच पडते. आमच्याकडच्या लोडशेडिंगमध्ये असं किती वेळा झालं असेल. हे बघा, कॅमेरा जवळ आणतो, नख फिरवलं की खाच लागते, आणि बाकीचं रबर तर नख रुतणार नाही इतकं कडक. अशा चाकावर थाळी फिरली की गाण्याच्या खाली सतत टक-टक-टक ऐकू येतं.

हा पार्ट सोलापुरात कुठंच मिळाला नाही. पण सोलापुरात रबराचे रोलर करणारे आहेत! अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एक अण्णा छापखान्याच्या रोलरवर नवीन रबर चढवून देतात, मी चाक घेऊन त्यांच्याकडं गेलो. अण्णांनी माप घ्यायचा व्हर्नियर लावला आणि विचारलं, मूळ साइज किती, कारण घासून किती कमी झालंय ते कळेना. माझाही जीव तिथंच अडकला होता, साइज चुकली तर स्पीड चुकणार ना. मामांना फोन लावला तर म्हणले, आयडलर मधला आहे, तो लहान-मोठा झाला तरी स्पीड बदलत नाही, स्पीड ठरतो पुलीच्या आणि थाळीच्या मापावर, चाक फक्त गोल पाहिजे. अण्णांनी जुनं रबर खरवडलं, नवीन चिकटवून पक्कं केलं आणि लेथवर अगदी हळू ग्राइंड केलं. चाक परत बसवलं आणि टक-टक बंद, पूर्ण बंद. पैसे विचारले तर म्हणले, आधी गाणं लावून व्हिडिओ पाठव.

(दृश्य: सुई, जवळून)

पिकअप, म्हणजे सुईची थरथर विजेत बदलणारा पार्ट, मात्र मेलेला होता. जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल सॉल्ट असतं, ते हवेतला ओलावा धरतं आणि खराब होतं, त्याला इलाज नाही. त्या जागी नवीन सिरॅमिक कार्ट्रिज, म्हणजे तसाच नवा पिकअप, बसते, आउटपुट पुरेसा तगडा असतो त्यामुळे जुना अॅम्प्लिफायर चालतो. सुईचं रेकॉर्डवर पडणारं वजन मात्र मोजायचंच. फार हलकं तर सुई उडते, फार जड तर रेकॉर्ड खरवडते. आमच्या गल्लीतल्या सराफांनी त्यांचा छोटा काटा दिला, एरवी नथ मोजायचा, त्यावर सुई टेकवली आणि ५ ग्रॅमवर आणून ठेवली.

मग स्पीड. कागदावर वर्तुळाच्या कडेनं समान अंतरावर १८० छोट्या रेघा छापायच्या आणि तो कागद थाळीवर ठेवायचा. जुन्या चोकची ट्यूबलाइट आपल्या लाइनवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्या उजेडात मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे बरोबर पडत असतील तर रेघा उभ्या राहिल्यासारख्या दिसतात. बऱ्याच एलईडीखाली हे दिसत नाही, म्हणून मशीन उचलून शेजारच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये नेलं, तिथं अजून जुन्या ट्यूब आहेत. लूम थांबवून चार कामगार पण बघायला आले, रेघा उभ्या राहिल्या तसे एकजण ओरडले, "बसला की स्पीड!"

रेकॉर्ड धुताना एक लक्षात ठेवा. जुन्या ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, काळ्या जड रेकॉर्ड लाखेच्या असतात, आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते. त्यांना स्पिरिट, सॅनिटायझर काही लावायचं नाही, कोमट पाणी, साबणाचा थेंब, मऊ कापड, आणि मधलं लेबल कोरडं ठेवायचं. एलपी, म्हणजे ३३ च्या स्पीडच्या मोठ्या रेकॉर्ड, प्लास्टिकच्या, त्या सहज फुटत नाहीत पण आपल्या उन्हात वाकतात, म्हणून कपाटात उभ्या ठेवायच्या, एकावर एक रचायच्या नाहीत.

पहिली रेकॉर्ड कुठली यावर घरात वाद झाला. बाबांना बालगंधर्व पाहिजे होते, पण ती लाखेची, तिला वेगळी सुई लागते, म्हणून आत्यानं मन्सूरांची एलपी काढून माझ्या हातात दिली, म्हणली तात्या रविवारी सकाळी हीच लावायचे. आवाज भरदार येतो, मोबाइलसारखा पातळ नाही, थोडी कुरकुर आहे आणि ती राहणार. अण्णांना व्हिडिओ पाठवला, त्यांनी लगेच फोन करून पूर्ण बाजू फोनवरच ऐकली.

बालगंधर्वांचं काम अजून बाकी आहे. एलपीच्या सुईचं टोक साधारण १८ ते २५ मायक्रॉनचं, ७८ च्या रुंद खाचेला ७५ मायक्रॉनच्या आसपासचं लागतं, बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाला घासत जाते, आवाजही खराब आणि रेकॉर्डही. ती जाड सुई मागवलीय. तोवर गल्लीतली लोकं आपापल्या माळ्यावरच्या रेकॉर्ड आणून देतायत, कुणाच्या लग्नातल्या, कुणाच्या आईच्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी चिकटवून ठेवलीय, आणि बाबा रोज संध्याकाळी विचारतात, सुईचं पार्सल आलं का रे?