दीड चमचा साखरेचा हिशेब

नमस्कार. वजनाचा विषय काढला की अनेकांना कुणीतरी कधीतरी मारलेला टोमणा आठवतो. म्हणून सुरुवातीलाच सांगते, तुमचा जिभेवर ताबा नाही असं मी आज कुणालाही म्हणणार नाही. वजनाची तक्रार घेऊन माझ्याकडे येणारी बहुतेक माणसं आळशी नसतात, खादाडही नसतात. घर, नोकरी, म्हातारे आईवडील, सगळं निगुतीनं सांभाळत असतात. वजन मात्र दर वर्षी थोडं थोडं वर सरकत राहतं आणि ते कुठून येतंय हे त्यांना सापडत नाही.

ते शोधायला मला एका आकड्याची फार मदत झाली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतले केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक हिशेब मांडला. वजन जास्त असलेल्या सर्वसाधारण प्रौढ माणसाच्या रोजच्या खाण्यात कायमचा २४ कॅलरींचा फरक पडला, तर त्याचं वजन शेवटी सुमारे १ किलोनं बदलतं. त्यातला निम्मा बदल दिसायला साधारण १ वर्ष लागतं आणि जवळजवळ सगळा दिसायला ३ वर्षं. आता २४ कॅलरी म्हणजे किती? साखरेच्या १ ग्रॅममध्ये ४ कॅलरी असतात आणि सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात सुमारे ४ ग्रॅम साखर मावते. म्हणजे २४ कॅलरी म्हणजे दीड चमचा साखर.

माझ्याकडे एक बाई यायच्या. जेवण अगदी मोजकं, बाहेरचं खाणं जवळपास नाही. दिवसातून ४ कप चहा, प्रत्येकात २ चमचे साखर. मी काही न बोलता एका रिकाम्या वाटीत त्यांच्यासमोर ८ चमचे साखर काढली. त्या वाटीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे मी रोज खाते?" ही साखर ३२ ग्रॅम होते, म्हणजे १२८ कॅलरी. मघाच्या हिशेबानं ५ किलोंहून थोडं जास्त वजन त्या वाटीत होतं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावी आणि ५ टक्क्यांच्या आत आणता आली तर उत्तम. ५ टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम. बाईंचा कोटा एकट्या चहातच संपून वर जात होता. त्यांनी चहा सोडला नाही, मी सोडायला सांगितलंही नाही. दर १५ दिवसांनी प्रत्येक कपातली अर्धा चमचा साखर कमी करत गेल्या. जिभेला नवीन चव सवयीची व्हायला वेळ लागतो. सहा महिन्यांनी त्यांना कुणीतरी जुन्या मापाचा चहा दिला, तर तो त्यांना प्यायला जाईना.

आणखी एक हिशेब तुम्ही ऐकला असेल. शरीरातल्या १ किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात, म्हणून रोज ५०० कॅलरी कमी खाल्ल्या की पंधरवड्यात १ किलो वजन उतरणार. याच चालीनं वर्षाला २३ किलो उतरायला हवेत. तसं होत नाही. वजन उतरतं तशी शरीराची गरजही उतरते, कारण हलक्या शरीराला चालायला, बसायला, नुसतं जगायलाही कमी ऊर्जा पुरते. काही महिन्यांनी काटा थांबतो आणि माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. याच ठिकाणी बहुतेक लोक हात टेकतात. याचं मला फार वाईट वाटतं, कारण चुकलेलं काहीच नसतं.

पहिल्या आठवड्यातली झपाट्यानं होणारी घटही फसवी असते. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा साखरेचा साठा असतो आणि त्याच्या १ ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. खाणं एकदम तोडलं की हा साठा रिकामा होतो, पाणी निघून जातं, काटा २-३ किलो खाली दिसतो. चरबी फारशी हललेली नसते. चार दिवस नीट जेवलात की पाणी परत येतं.

उपाशी राहण्याविषयी अधिक काळजीनं बोलायला हवं. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा कसं उभं करायचं हे त्यांना शोधायचं होतं. तरुण स्वेच्छेनं आले होते. सहा महिने त्यांना जवळपास निम्मं जेवण दिलं गेलं आणि वजन पाव हिश्श्यानं उतरलं. ते सतत गारठलेले असायचे, चिडचिडे झाले, एकलकोंडे झाले. खाण्याचीच स्वप्नं पडायची, पाककृतींची पुस्तकं वाचायचे, ताट चाटूनपुसून घ्यायचे. बंधन सुटल्यावर कितीही खाल्लं तरी काहींची भूक भागेना. ही निवडून घेतलेली धडधाकट, निग्रही मुलं होती. चरबी घटली की तिच्यातून रक्तात येणारं लेप्टिन नावाचं संप्रेरक कमी होतं, आणि मेंदू त्याचा अर्थ घेतो की दुष्काळ पडला. लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये लागला. म्हणजे त्या मुलांना जे झालं त्याचं कारण कळायला पन्नास वर्षं गेली. कडक डाएट मोडल्यावर स्वतःला दोष देणाऱ्या प्रत्येकाला ही गोष्ट माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

म्हणून माझा आग्रह एवढाच असतो: दहा वर्षांनीही करत असाल असं वाटेल तेच आजपासून करा. आणि ध्येय अवाढव्य ठेवू नका. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मधुमेह प्रतिबंधाच्या अमेरिकी चाचणीत ३,२३४ लोक होते, मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले. ७ टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम, एवढंच लक्ष्य ज्यांना दिलं होतं त्यांच्यात मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. ८० किलोच्या माणसाला हे साडेपाच किलो होतात.

आता खाण्याकडे येऊ. याच हॉल यांनी २०१९ मध्ये २० लोकांना महिनाभर संस्थेतच ठेवून घेतलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकिटबंद स्वरूपाचं अन्न, दोन आठवडे घरच्यासारखं साध्या पदार्थांचं. समोर मांडलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, चरबी, तंतू, मीठ सारखं, आणि हवं तेवढं खायची मुभा. तयार अन्नाच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या आणि वजन सरासरी ०.९ किलो वाढलं. साध्या जेवणाच्या दिवसांत तेवढंच उतरलं. मोजून खा, कमी खा, असं कुणी सांगितलेलं नव्हतं. तयार अन्न मऊ असतं, चावावं लागत नाही आणि लोक ते भराभर खात होते. पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचायच्या आत बरंच आत गेलेलं असतं.

म्हणून चावावं लागेल असं खा. ताटाचा निम्मा भाग भाज्यांनी भरा, प्रत्येक जेवणात डाळी, अंडी, दही, मासे असं प्रथिनांचं काहीतरी असू द्या, कारण प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. फळ खा, त्याचा रस काढू नका. जे काही खायचं ते ताटलीत वाढून घ्या आणि बसून खा. हे शेवटचं मी स्वतःच्या अनुभवातून सांगते. मुलं लहान होती तेव्हा त्यांच्या ताटात उरलेले दोन-चार घास मी ओट्यापाशी उभ्यानंच संपवायचे, अन्न वाया जाऊ नये म्हणून. ते माझ्या लेखी जेवणात धरलेलंच नव्हतं. दिवसातून दोनदा, कितीतरी वर्षं. ज्या दिवशी मी ते डब्यात काढून ठेवायला लागले आणि मुलांना मुळात कमी वाढायला लागले, त्या दिवसापासून माझं वाढणारं वजन थांबलं.

हालचालीबद्दल एक जुनं काम मला फार आवडतं. लंडनच्या दुमजली बसवर चालक दिवसभर बसून असायचा आणि कंडक्टर जिने चढ-उतार करायचा, रोज ५०० ते ७५० पायऱ्या. जेरेमी मॉरिस यांनी १९५३ मध्ये दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. पुढे त्यांनी गणवेशांच्या मापांच्या नोंदी तपासल्या, तर त्याच वयाच्या चालकांच्या पँटचा घेर जास्त निघाला. त्या कंडक्टरांपैकी व्यायाम म्हणून कुणी जिने चढत नव्हतं, ते त्यांच्या दिवसातच होतं. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या जेम्स लेव्हिन यांनी १६ जणांना ८ आठवडे रोज १,००० कॅलरी जास्त खाऊ घातल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोपेक्षाही कमी वाढली, कुणाची ४ किलोंवर. कमी वाढलेल्यांची उठबस, चुळबुळ, येरझारा आपोआप वाढल्या होत्या.

मात्र व्यायामाकडून भलती अपेक्षा ठेवू नका. अर्धा तास झपझप चालून ७० किलोच्या माणसाच्या सव्वाशे-दीडशे कॅलरी खर्च होतात आणि थोड्या बिस्किटांत त्या परत येतात. वजन उतरवण्यात ताटाचा वाटा मोठा, पण उतरलेलं टिकवण्यात चालण्याचा वाटा फार मोठा आहे. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताण देणारा व्यायामही करा, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. १०,००० पावलांचं दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायच्या एका यंत्राच्या नावातून आला. आज ३,००० चालत असाल तर ४,००० चाला.

झोपेला आपण यात धरतच नाही. २०२२ च्या एका चाचणीत साडेसहा तासांपेक्षा कमी झोपणारे ८० लोक होते. त्यांतल्या ज्यांची झोप सुमारे सव्वा तासानं वाढवली, ते तुलनेनं रोज सरासरी २७० कॅलरी कमी खाऊ लागले. आपल्या मापात ही जवळपास १७ चमचे साखर झाली. खाण्याबद्दल त्यांना एक शब्दही सांगितलेला नव्हता.

चाळिशीनंतर चयापचय मंदावतो असं सर्रास म्हणतात. २०२१ मध्ये ६,४०० हून अधिक लोकांच्या मोजमापांतून दिसलं की शरीराचा आकार आणि स्नायू लक्षात घेतले तर २० ते ६० या वयात तो जवळपास स्थिर असतो. बदलतात ते आपले दिवस. खुर्ची वाढते, झोप तुटते, स्नायू कमी होतात. मला तर यात दिलासा वाटतो, कारण दिवस बदलता येतात.

आठवड्यातून एकदा, एकाच वाराला, सकाळी उठल्यावर वजन करा आणि लिहून ठेवा. १-२ किलो इकडेतिकडे पाण्यामुळे, मिठामुळे होतंच, त्यानं खचू नका, महिन्याचा कल बघा. अमेरिकेत १९९४ पासून वजन उतरवून टिकवलेल्या लोकांची एक नोंदवही ठेवली आहे. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून एकदा तरी वजन करतात. वजन अचानक चढत असेल तर आधी डॉक्टरांना भेटा. थायरॉइड असू शकतं, स्टेरॉइड, इन्सुलिन किंवा मनाच्या आजारांवरची काही औषधं असू शकतात. ती स्वतःहून बंद करू नका. आणि वाढत्या मुलांना कृपा करून डाएटवर ठेवू नका.

एक प्रश्न आला आहे: "दिवसभर नीट राहतो, पण रात्री दहानंतर स्वयंपाकघरात चकरा सुरू होतात, काय करू?" कुणी विचारलाय? बरं. दादा, आज दुपारी किती वाजता जेवलात? जेवलाच नाहीत? आणि काल? कालही नुसती कॉफी. मग रात्रीचं आपण आत्ता बाजूला ठेवू. उद्यापासून पंधरा दिवस दुपारचं जेवण एका ठरलेल्या वेळी, बसून, भाजी आणि डाळीसकट. रात्री भूक लागली तर तेव्हाही खा, फक्त ताटलीत वाढून घ्या. सोळाव्या दिवशी किती चकरा झाल्या ते मला कळवा.