ड्रायव्हर पुन्हा टाकण्याआधी

स्क्रीन काळी पडली, गेम उघडताक्षणी बंद झाला किंवा डेस्कटॉप रखडत हलू लागला, की बहुतेक जण आधी ग्राफिक्स ड्रायव्हर काढून पुन्हा टाकतात. आज मला तुम्हाला पटवायचं आहे ते एवढंच, की तो उपाय सगळ्यात शेवटी ठेवा. पुन्हा टाकताना पुरावा पुसला जातो. मशीन कधी सुरळीत चालू लागतं, पण का बिघडलं होतं ते कळत नाही आणि पुढच्या अपडेटला तीच रड. कधी दोन अर्धवट इन्स्टॉल एकमेकांवर चढतात, मग सोडवणं खरोखरच अवघड होऊन बसतं.

मी मुख्यतः लिनक्सबद्दल बोलेन, कारण तिथे सगळे सांधे उघडे दिसतात. विंडोजकडे नंतर थोडं वळू.

ग्राफिक्स ड्रायव्हर आपण एक म्हणतो, पण त्याचे भाग दोन. एक कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात बसतो, मॉड्यूल म्हणून, म्हणजे जोडता-उतरवता येणारा तुकडा म्हणून. कार्डाची मेमरी, इंटरप्ट (लक्ष वेधायला कार्ड देतं ते इशारे), कामांची रांग हे सगळं तो सांभाळतो. दुसरा भाग म्हणजे लायब्ररी, प्रोग्रामांनी उसना घ्यायचा तयार कोड. प्रोग्राम ज्यांतून चित्र मागतात त्या ओपनजीएल किंवा वल्कनमधून आलेलं काम कार्डाला कळेल अशा सूचनांत उतरवणं हे तिचं काम, आणि ती लोड होते तुमच्या प्रोग्रामच्या प्रोसेसमध्येच, म्हणजे चालू प्रोग्रामच्या स्वतःच्या जागेत. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, त्याच्याकडे परत यायचं आहे.

एएमडी आणि इंटेलच्या कार्डांसाठी पहिला भाग कर्नलसोबतच येतो आणि लायब्ररी असते मेसाची. ब्रायन पॉल यांनी १९९३ मध्ये सुरू केलेला हा प्रकल्प. इथे कर्नल आपली बाजू सांभाळून बदलतो, त्यामुळे नव्या कर्नलवर जुनं मेसा सहसा बिनतक्रार चालतं. एनव्हिडियाच्या स्वतःच्या ड्रायव्हरमध्ये दोन्ही भाग एनव्हिडियाच देते आणि दोन्हींचा व्हर्जन नंबर शेवटच्या आकड्यापर्यंत जुळावाच लागतो. तिथे सवलत नाही. नेहमीची पहिली तक्रार जन्मते ती इथेच.

एनव्हिडिया-एसएमआय ही कार्डाची स्थिती दाखवणारी कमांड चालवली आणि उत्तर आलं 'ड्रायव्हर/लायब्ररी व्हर्जन मिसमॅच'. सकाळी तर सगळं ठीक होतं! झालेलं असतं असं: मधल्या वेळात स्वयंचलित अपडेटने डिस्कवरच्या लायब्ररी बदलल्या, पण कर्नलच्या मेमरीत मॉड्यूल जुनंच आहे. गंमत अशी की आधीपासून चालू असलेले प्रोग्राम चालूच राहतात, कारण जुनी लायब्ररी डिस्कवरून हटली तरी त्यांनी ती मेमरीत धरून ठेवलेली असते. नव्याने उघडलेले तेवढे पडतात. म्हणून माणूस गोंधळतो: ब्राउझर चालतो, मग नवा प्रोग्राम का नाही? उपाय रीबूट, बस्स. सर्व्हरवर रीबूट परवडत नसेल तर कार्ड वापरणारे सगळे प्रोग्राम थांबवून एनव्हिडियाची मॉड्यूल, ती चार असतात, एकेक करून उतरवता येतात: आधी डीआरएम, मग मोडसेट आणि यूव्हीएम, शेवटी मुख्य. एखादी प्रोसेस कार्ड धरून बसली असेल तर उतरणार नाहीत.

रीबूटनंतरही तेच असेल तर आकडे लिहून काढा. मेमरीतल्या मॉड्यूलचा आकडा प्रोक या कर्नलची माहिती दाखवणाऱ्या फाइलप्रणालीत एनव्हिडियाच्या फोल्डरमधल्या व्हर्जन नावाच्या फाइलमध्ये मिळतो. डिस्कवरच्या मॉड्यूलचा मॉडइन्फो ही कमांड सांगते. लायब्ररीचा आकडा तिच्या फाइलच्या नावातच असतो. तिन्ही शेजारी ठेवले की दोष कुठे आहे ते बहुधा दिसतंच. डिस्कवर नवं आणि मेमरीत जुनं असेल तर इनिट-रॅमएफएसमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लोड होणाऱ्या छोट्या फाइलसंचात, जुनी प्रत राहिली आहे. मेमरीत काहीच नसेल तर डीकेएमएस, म्हणजे प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल बांधणारी व्यवस्था, तिची स्थिती पाहा: बहुधा नवा कर्नल आला, पण त्याचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) बसवलेले नव्हते, म्हणून मॉड्यूल बांधलंच गेलं नाही.

आणखी एक शक्यता असते, तिने पुष्कळांच्या रात्री खाल्ल्या आहेत. मॉड्यूल बांधलेलं आहे, जागेवर आहे, तरी लोड करताना संदेश येतो 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस'. हे सिक्युअर बूट, म्हणजे फक्त सही असलेला कोड चालू देणारी सुरक्षा. कर्नलला मॉड्यूलवर ओळखीची सही हवी आहे. इथे ड्रायव्हर दहादा टाकलात तरी फरक पडणार नाही. सहीची किल्ली नोंदवावी लागते आणि ती नोंदणी पुरी होते पुढच्या बूटच्या वेळी, एका निळ्या स्क्रीनवर, जी थोडाच वेळ थांबते. लोक तेवढ्यात चहाला उठतात.

आता लायब्ररींच्या भांडणाकडे. लिनक्सवर ओपनजीएलच्या लायब्ररीचं नाव ठरलेलं आहे, लिबजीएल. मेसा त्याच नावाची फाइल द्यायचं आणि एनव्हिडियाही. शेवटी बसवली ती जिंकायची. २०१२ मध्ये एनव्हिडियाच्या अँडी रिटगर यांनी यावर तोडगा सुचवला. त्यातून जीएलव्हीएनडी आलं आणि २०१६ पासून एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये ते मिळू लागलं. आता लिबजीएल हा नुसता वाटप करणारा पातळ थर आहे. तो काम पुढे मेसाकडे किंवा एनव्हिडियाकडे पाठवतो आणि दोन्ही एकाच मशीनवर सुखाने नांदतात. तरीही भांडण पेटवायची खात्रीची रीत शिल्लक आहे: तुमच्या लिनक्स वितरणाचं (उबुंटू, फेडोरा वगैरे) पॅकेज बसलेलं असताना त्यावर कंपनीच्या साइटवरचा 'रन' इन्स्टॉलर चालवणं. पॅकेज मॅनेजरला, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या प्रोग्रामला, त्या फाइलींचा पत्ताच नसतो. पुढच्या अपडेटला तो आपल्या फाइली परत ठेवतो आणि तुमच्याकडे अर्धी जुनी, अर्धी नवी खिचडी उरते. ओळखायचं कसं? संशयित फाइल कोणत्या पॅकेजची हे पॅकेज मॅनेजरलाच विचारा. 'कोणाचीच नाही' असं उत्तर आलं, तर चोर सापडला. तो इन्स्टॉलर स्वतःच्या फाइली काढूनही टाकू शकतो. आधी ते करा, हाताने डिलीट करत बसू नका.

आता माझा सर्वात आवडता दोष. सगळं डेस्कटॉप गुळगुळीत चालतं, फक्त एकच प्रोग्राम खिडकी उघडत नाही. टर्मिनलमधून चालवला की कळतं: आयरिस लोड झालं नाही, म्हणजे मेसाचा इंटेलसाठीचा ड्रायव्हर. लगेच खाली, स्वरास्टही लोड झालं नाही. इथे थांबा. स्वरास्ट सीपीयूवर चित्र काढतं, त्याचा कार्डाशी काही संबंध नाही. तेही पडलं याचा अर्थ कार्ड निर्दोष, कर्नल निर्दोष. दोघांमध्ये सामाईक असलेलं काहीतरी तुटलं आहे. संदेशाच्या मधल्या ओळीत बहुधा लिहिलेलं असतं, 'ग्लिबसीएक्सएक्स ३.४.३० सापडलं नाही'.

ही सी++ मधले प्रोग्राम चालताना लागणाऱ्या रनटाइम लायब्ररीची तक्रार आहे, आणि ३.४.३० म्हणजे जीसीसी १२ या कंपायलरसोबत आलेली आवृत्ती. मघाचं वाक्य आठवा: ड्रायव्हरची लायब्ररी प्रोग्रामच्याच प्रोसेसमध्ये येते. प्रोग्रामने स्वतःसोबत या रनटाइमची जुनी प्रत आणली होती. ती आधी लोड झाली, आणि एका प्रोसेसमध्ये त्या नावाची साधारणपणे एकच प्रत राहते. मागाहून आलेल्या मेसाला नवी हवी होती, ती मिळाली नाही. पायथनवाल्यांच्या कॉंडा या पॅकेज मॅनेजरच्या जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये हे हमखास दिसतं. स्टीमवरच्या खेळांतही ते पूर्वी बरंच गाजलं. उपाय जुनी प्रत बाजूला करणं किंवा कॉंडामध्ये ती अपडेट करणं. नवी प्रत जुन्या प्रोग्रामलाही चालते, उलटं होत नाही. ही लायब्ररी मागे सुसंगत राहावी म्हणून फार काळजी घेतली जाते, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मात्र जुन्या फाइलीचं नाव बदलून ठेवा, पुसू नका.

अशा वेळी लोक एलडीडी, म्हणजे प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्ररी दाखवणारी कमांड, चालवतात आणि 'सगळं तर सापडतंय' म्हणून हात टेकतात. एलडीडी दाखवतं ते प्रोग्राम सुरू होतानाचं. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नंतर, गरज पडल्यावर उघडला जातो, तो तिथे दिसणारच नाही. एलडी-डीबग हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'लिब्ज' असं ठेवून प्रोग्राम चालवा. कोणती लायब्ररी कुठे कुठे शोधली आणि शेवटी कुठून उचलली, सगळा माग निघतो. आणि बॅशआरसी, म्हणजे टर्मिनल उघडताना वाचली जाणारी फाइल, उघडून पाहा. कधीतरी एनव्हिडियाचं कुडा (कार्डावर गणितं करायचं साहित्य) बसवताना कोणाच्या तरी सूचनेवरून टाकलेली, लायब्ररी आधी कुठे शोधायच्या ते सांगणारी एलडी लायब्ररी पाथची ओळ तिथे अजून पडून असते. मला विचाराल तर ती ओळ कायमची तिथे ठेवूच नये.

विंडोजवर याच जातीचा दोष म्हणजे प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये पडलेली ओपनजीएल३२ नावाची डीएलएल, म्हणजे विंडोजची लायब्ररी फाइल. विंडोजची स्वतःची प्रत ओपनजीएल १.१ पुरतीच आहे, पुढचं सगळं ती कंपनीच्या ड्रायव्हरकडे सोपवते. पण शोध सुरू होतो प्रोग्रामच्या फोल्डरपासून. कोणीतरी कधी 'फिक्स' म्हणून तिथे सॉफ्टवेअर रेंडरिंगची प्रत ठेवली असेल, तर महागडं कार्ड निवांत बसतं आणि सीपीयू घाम गाळतो.

शेवटी कंटेनर, म्हणजे प्रोग्राम त्याच्या सामानासह वेगळा ठेवायची पेटी, कारण हल्ली प्रश्न तिथूनच जास्त येतात. कंटेनरला स्वतःच्या लायब्ररी असतात, कर्नल मात्र होस्टचा, म्हणजे मूळ मशीनचाच. म्हणजे एनव्हिडियाचे दोन भाग जुळवायचं कोडं इथे नव्याने उभं राहतं. डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या प्रोग्रामसाठी एनव्हिडियाचं टूलकिट कंटेनर सुरू करताना होस्टवरच्याच लायब्ररी आत जोडून देतं. म्हणून इमेजमध्ये, म्हणजे कंटेनर ज्या साच्यातून बनतो त्यात, ड्रायव्हर भरून ठेवू नका. आज चालेल, होस्ट अपडेट झाला की पडेल. फ्लॅटपॅक, म्हणजे डेस्कटॉप प्रोग्राम अशाच पेटीतून देणारी व्यवस्था, तिची पद्धत वेगळी: तिथे एनव्हिडियाच्या प्रत्येक व्हर्जनसाठी स्वतंत्र एक्स्टेन्शन असतं आणि त्याचा आकडा कर्नलमधल्या मॉड्यूलशी जुळावा लागतो. होस्ट अपडेट झाला, रीबूटही झाला, बाकी सगळं ठीक आहे आणि फक्त फ्लॅटपॅकमधले प्रोग्राम रखडू लागले, तर फ्लॅटपॅकचा अपडेट चालवा. होस्टच्या ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही.