‘सीक्रेट समाधी’ : पहिला क्रमांक, तरी उतरणीचा शिक्का

(पडद्यावर काळोख. गिटारची एकच तार वाजते आणि थांबते.)

१८ फेब्रुवारी १९९७. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क शहरचे चार शाळासोबती, एव्हाना पंचविशी ओलांडलेले, आपला नवा अल्बम बाजारात आणतात. बँडचं नाव लाइव्ह. अल्बमचं नाव ‘सीक्रेट समाधी’. बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमांच्या साप्ताहिक यादीत तो आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर जाऊन बसतो. तरीही लाइव्हची गोष्ट सांगताना उतरणीची सुरुवात म्हणून बोट ठेवलं जातं ते याच अल्बमवर. हा शिक्का कसा बसला ते समजायला आधीच्या दोन अल्बमांपासून सुरुवात करावी लागेल.

१९९१ च्या शेवटच्या दिवशी आलेला ‘मेंटल ज्युएलरी’ जे. कृष्णमूर्तींच्या विचारांनी भारलेला होता. गायक एड कोवाल्चिक तेव्हा अवघा वीस वर्षांचा. परंपरेचा जुलूम, मनाला पडलेली चाकोरी, कुणा गुरूवर न विसंबता स्वतःकडे पाहणं, हे सगळं त्याने जवळजवळ वाचलं तसंच गाण्यात उतरवलं. तळमळ खरी होती, पण ऐकताना बरेचदा प्रवचन ऐकल्यासारखं वाटतं.

(मिनेसोटातलं झाडांत लपलेलं रेकॉर्डिंगचं ठिकाण.)

‘थ्रोइंग कॉपर’मध्ये हे बदललं. मिनेसोटातल्या कॅनन फॉल्सजवळच्या पॅकिडर्म स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. निर्माता पहिल्या अल्बमचाच, टॉकिंग हेड्स या रॉक बँडचा जेरी हॅरिसन, आणि जोडीला खुद्द बँड. अध्यात्म गेलं नाही, मात्र त्याला हाताशी धरायला वस्तू आणि माणसं मिळाली. एका गाण्यात हॉटेलातली वेट्रेस आणि तिची टीप. दुसऱ्याचं शीर्षक नुसतं ‘टी. बी. डी.’, म्हणजे तिबेटी मृतग्रंथाच्या ‘टिबेटन बुक ऑफ द डेड’ या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. आणि ‘लाइटनिंग क्रॅशेस’मध्ये एकाच इस्पितळात एकीकडे जन्म, दुसरीकडे मृत्यू. बाळंतपणानंतर पडणारी वार त्यात थेट नावानिशी येते. रॉक रेडिओवर हा शब्द सहसा ऐकू येत नसे, आणि माझ्या मते गाणं लक्षात राहण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

या गाण्याची बांधणी नीट ऐकण्यासारखी आहे. सुरुवातीला स्वच्छ, आवाज मुद्दाम फाटका न केलेली गिटार आणि कानाशी बोलावं तसा आवाज. मोजकेच कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरगुच्छ) फिरून फिरून येतात. ड्रम पूर्ण ताकदीने येतात ते बऱ्याच उशिरा. चाल तीच राहते, वाढत जातो तो तिच्याखालचा भार. पाच मिनिटांहून लांब असलेलं गाणं त्यामुळेच कंटाळवाणं होत नाही.

विक्रीमागेही एक साधं कारण होतं. अमेरिकेत हे गाणं सुटं सिंगल म्हणून विकायला काढलंच नव्हतं. तेव्हाच्या नियमानुसार अशा गाण्याला हॉट १०० या बिलबोर्डच्या गाण्यांच्या मुख्य यादीत जागा नसे. ते बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत नऊ आठवडे पहिलं राहिलं, आणि ज्याला ते घरी हवं त्याला अख्खा अल्बम घ्यावा लागला. एप्रिल १९९४ मध्ये आलेला ‘थ्रोइंग कॉपर’ पहिल्या क्रमांकावर पोचला मे १९९५ मध्ये, यादीतल्या त्याच्या बावन्नाव्या आठवड्यात.

(चित्र पुसट होतं. जड गिटार, त्यावर व्हायोलिनचे थर.)

‘सीक्रेट समाधी’ला असा चढाचा रस्ता मिळालाच नाही. लोक वाट पाहत होते म्हणून पहिला आठवडा जोरात गेला. पहिल्या आठवड्याचा क्रमांक आधीच्या अल्बमवरचं प्रेम मोजतो. नवा अल्बम तोवर फारसा कुणी ऐकलेलाच नसतो. ‘थ्रोइंग कॉपर’ला अमेरिकेत आठ वेळा प्लॅटिनमची मोहर मिळाली, ‘सीक्रेट समाधी’ला दोनदा. तिथे एक प्लॅटिनम म्हणजे दहा लाख प्रती, आणि त्या काळी हिशेब दुकानांकडे धाडलेल्या प्रतींचा. दोन प्लॅटिनम कुठल्याही बँडला मिरवावेत असे. शेजारी आठ होते म्हणून ते थिटे दिसले.

समीक्षकांचं मत विभागलेलं राहिलं. गांभीर्याचा अतिरेक आणि दुर्बोध शब्द हे मुख्य आक्षेप, आणि दुसरा बराचसा खरा आहे. ‘हिरोसायकोड्रीमर’ या शीर्षकात वेट्रेससारखं धरायला काही सापडत नाही. पण ‘लाकिनीज ज्यूस’च्या बाबतीत तो आक्षेप मला अन्यायाचा वाटतो. लाकिनी ही मणिपूर चक्राची, म्हणजे योगातल्या नाभीजवळच्या चक्राची, शक्ती. ‘षट्चक्रनिरूपण’ या सोळाव्या शतकातल्या ग्रंथात ती पिवळं वस्त्र नेसलेली आहे; त्यावरच्या टीकेत ती तीन मुखांची, मांसप्रिय आहे आणि तिच्या मुखातून रक्त आणि मेद ओघळतो. हे वर्णन माहीत असेल तर शीर्षकातला ‘रस’ आणि ठेचकाळत थांबणारी ती गिटार एकदम जुळून येतात. न्यू यॉर्कच्या किंवा शिकागोच्या श्रोत्याकडे हा संदर्भ कुठून असणार? मराठी कानाला तर ‘समाधी’ म्हणताच ध्यानाची अवस्था आणि दगडी वास्तू दोन्ही आठवतात, आणि अल्बमचा काळोखी आवाज त्या दुसऱ्या अर्थालाही शोभतो.

या वेळी जेरी हॅरिसन नव्हता. निर्मिती जे हीली या निर्मात्याची आणि बँडची. गिटारी जाड झाल्या, अवकाश कमी झाला. ऐकताना एक काळजी घ्या. स्ट्रीमिंग ॲपमध्ये आवाज समान करण्याची सोय चालू असेल आणि ती प्रत्येक गाण्याला वेगळी लागत असेल, तर ‘टर्न माय हेड’सारखं हळुवार गाणं शेजारच्या जड गाण्यांइतकंच मोठं वाजू शकतं आणि मुद्दाम ठेवलेली उसंत हरवते. ती सोय बंद करा; काही ॲपमध्ये पूर्ण अल्बम सलग लावला तरी हा फरक टिकतो. फोनच्या स्पीकरवर खालचा बेस जवळजवळ नाहीसा होतो, म्हणून हेडफोन घ्या.

१९९९ मध्ये ‘द डिस्टन्स टु हिअर’साठी बँडने हॅरिसनला परत बोलावलं. गिटारी मोकळ्या झाल्या, शब्द सोपे झाले. यादीत तो अल्बम चौथ्या क्रमांकावर उतरला.

(गिटारची तीच एक तार. काळोख.)