पाण्यावरचे बिऱ्हाड, जमिनीवरचा पत्ता

[दृश्य : कोस बेटाचे बंदर, पहाट. डोलकाठ्यांची रांग, पलीकडे तुर्कस्तानचे डोंगर.]

ग्रीसच्या कोस बेटापासून तुर्कस्तानचा किनारा सर्वांत जवळच्या ठिकाणी जेमतेम चार-पाच किलोमीटरवर आहे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते आणि त्याला कोणी परवाना विचारत नाही. शिडाच्या नौकेवर बारमाही संसार करणाऱ्यांना मात्र ही चिंचोळी खाडी किती दिवसांनी आणि कोणत्या तारखेला ओलांडायची, याचा हिशेब सतत ठेवावा लागतो.

शेंगेन क्षेत्र म्हणजे आपसांतल्या सीमांवर तपासणी नसलेला युरोपीय देशांचा गट, आणि ग्रीस त्यात आहे. युरोपीय संघ आणि शेंगेन या दोहोंबाहेरच्या देशाच्या नागरिकाला अल्प मुदतीच्या मुक्कामासाठी तिथे कोणत्याही 180 दिवसांत फक्त 90 दिवस राहता येते. ‘कोणत्याही’ या शब्दातच मेख आहे. सीमा ओलांडून परत आल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही. रोज मागे वळून गेल्या 180 दिवसांतले मुक्काम मोजावे लागतात आणि त्यात आल्याचा व गेल्याचा दिवसही धरला जातो. तुर्कस्तानातही पर्यटकांसाठी 90 आणि 180 दिवसांचेच गणित आहे. त्यामुळे कागदावर पाहिले तर तीन महिने इकडे आणि तीन महिने तिकडे, असा झोका कायम चालू ठेवता येईल. पण उन्हाळ्यात उत्तरेकडून घोंगावणारा मेल्टेमी वारा कागद पाहत नाही, आणि बिघडलेल्या इंजिनाचा सुटा भागही तारीख पाहून येत नाही.

[दृश्य : पासपोर्टची पाने, शिक्के एकमेकांवर उमटलेले.]

हा प्रश्न सर्वांत तीव्रतेने जाणवला तो ब्रिटिश नौकावासीयांना. 31 डिसेंबर 2020 रोजी ब्रेक्झिटचा संक्रमणकाळ संपला आणि वर्षानुवर्षे भूमध्य समुद्रात हवे तिथे नांगर टाकणारी माणसे एका रात्रीत दिवस मोजू लागली. 1 जानेवारी 2023 रोजी क्रोएशिया शेंगेनमध्ये सामील झाला, तेव्हा एड्रियाटिक समुद्रातली एक सोयीची पळवाट बुजली. माँटेनेग्रो आणि अल्बेनिया तेवढे शेंगेनबाहेर उरले. 12 ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे व चेहऱ्याची छायाचित्रे घेणारी संगणकीय नोंद सुरू झाली आहे. पुसट शिक्क्याचा आडोसा आता धरता येणार नाही. भारतीय पासपोर्टवर फिरणाऱ्याला तर शेंगेनचा व्हिसा हाती आल्याशिवाय कोसच्या बंदरात पाऊलही ठेवता येत नाही; बाकीचा हिशेब त्यानंतरचा.

यावर उघड उपाय म्हणजे एखाद्या देशाचा निवासपरवाना घेणे. पोर्तुगालचा ‘डी-सेव्हन’ व्हिसा निवृत्तिवेतन, भाडे, लाभांश अशा नियमित उत्पन्नावर मिळतो आणि अर्जदाराचे उत्पन्न निदान तिथल्या किमान वेतनाइतके असावे लागते; 2025 मध्ये ते दरमहा 870 युरो होते. स्पेन नोकरी न करण्याच्या अटीवर निवास देतो, पण दरमहा सुमारे 2,400 युरो मागतो. पोर्तुगाल राहण्याच्या जागेचा पुरावाही मागतो, आणि पाण्यावरचा माणूस नेमका तिथेच अडतो. शिवाय पोर्तुगालचा परवाना पोर्तुगालपुरताच मुक्त वावर देतो. तो घेऊन ग्रीसला गेलेल्या नौकेवरचे लोक पुन्हा 90 दिवसच मोजत बसतात. ज्यांना ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रातच राहायचे आहे, त्यांनी लिस्बनचा रस्ता धरण्यात फारसा अर्थ नाही.

[दृश्य : गोदीत लाकडी टेकूंवर उभी केलेली नौका. रंगकाम सुरू.]

माणसाचे घड्याळ वेगळे आणि नौकेचे वेगळे. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या मालकाची, बाहेर नोंदलेली नौका मूल्यवर्धित कर न भरता संघाच्या पाण्यात 18 महिने ठेवता येते. हे घड्याळ त्या मानाने भोळे आहे, कारण तुर्कस्तानची एक फेरी केली की ते पुन्हा शून्यापासून सुरू होते. मात्र ही सवलत टिकते ती मालक संघाबाहेरचा रहिवासी असेपर्यंत. त्याने युरोपात निवास घेतला, की स्वतःचे 90 दिवसांचे बंधन सैल होते आणि नौकेची सवलत जाते. मग तिच्या किमतीवर कर भरण्याची वेळ येते. ग्रीसमध्ये त्याचा सर्वसाधारण दर 24 टक्के आहे.

यातूनही एक वाट आहे. निवास बदलून संघात येणाऱ्याला घरसामानाबरोबर स्वतःची नौकाही करमुक्त आणता येते. त्यासाठी ती निदान सहा महिने त्याच्या मालकीची आणि वापरातली असावी लागते, आणि आणल्यावर बारा महिने विकता येत नाही. पण त्याआधी सलग बारा महिने संघाबाहेर आपला नेहमीचा निवास होता, हेही सिद्ध करावे लागते. घर विकून, विजेची बिले व भाडेकरार मागे टाकून समुद्रावर आलेल्याने ते कशाच्या आधारे करायचे? म्हणून आमच्या मते करमाफीचा हा अर्ज घराच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हाती देण्याआधीच तयार असावा, आणि जुनी बिले नौकेवरच्या कोरड्या खणात जपून ठेवलेली असावीत.