पाच मिनिटं, एकही प्रश्न न विचारता

"चार मुलांत मिसळत नाही हो, त्याला थेरपी लावायचीय," असं सांगत पालक येतात. शिकवणी लावावी तसं. मूल तासभर आत, आई-बाबा बाहेर बाकावर मोबाइल चाळत. आज मी ज्या पद्धतीबद्दल जास्त बोलणार आहे, तिच्यात आई-बाबांनाच मुलासोबत आत बसवतात आणि थेरपिस्ट बाहेर थांबतो.

पॅरेंट-चाइल्ड इंटरॅक्शन थेरपी, थोडक्यात पीसीआयटी. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांनी ती १९७०च्या दशकात विकसित केली. साधारण दोन ते सात वर्षांच्या, आदळआपट करणाऱ्या, कुणाचंच न ऐकणाऱ्या मुलांसाठी. आई मुलाशी खेळत असते, एकतर्फी काचेपलीकडून थेरपिस्ट बघतो आणि आईच्या कानातल्या छोट्या यंत्रातून तिला तिथल्या तिथे सांगत राहतो.

पहिल्या टप्प्यात खेळ मुलाच्या मर्जीने चालतो. आईने प्रश्न विचारायचे नाहीत, हुकूम सोडायचे नाहीत, चुका काढायच्या नाहीत. ऐकायला सोपं वाटतं. पण आपण लेकराशी खेळतो कसे? "हा कुठला रंग? हे किती झाले? असं नाही, उलटं लाव. काकांना सांग बघू!" हसताय, पण ही तोंडी परीक्षाच झाली की! मग बोलायचं काय? मूल जे करतंय ते: "तू निळा ठोकळा वर ठेवलास." ते म्हणालं "गाडी पडली", तर आपण "हो, गाडी पडली." आणि कौतुक नेमकं. नुसतं "शाब्बास" म्हटलं की मुलाला कळत नाही कशाबद्दल. "मनोरा कोसळला तरी न चिडता परत रचतोयस, हे छान केलंस," हे कळतं. राग आवरला त्याच क्षणी त्याला शब्द मिळाले. माझ्या मते या पद्धतीचा जीव इथे आहे. शांत राहण्यावर भाषण न देता, शांत राहिलेलं मूल तिथेच टिपायचं.

पुढच्या टप्प्यावर जायला आईची चाचणी असते, मुलाची नव्हे! पाच मिनिटांत दहा वर्णनं, मुलाच्या बोलण्याचे दहा पडसाद, दहा नेमकी कौतुकं; आणि प्रश्न, हुकूम, टीका मिळून तीनच्या वर नाहीत. घरी रोज पाच मिनिटं सराव. दुसऱ्या टप्प्यात सूचना देणं येतं: "नीट वाग" नाही, "पेन्सिल डब्यात ठेव". एका वेळी एक, करता येईल अशी, आणि मुलाने ऐकलं की लगेच कौतुक.

थोड्या मोठ्या मुलांना समवयस्क लागतात. मानसशास्त्रज्ञ डॅनियल लगॉफ यांनी लेगोच्या ठोकळ्यांवर गट-थेरपी बसवली, त्यावरचा त्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात एक मूल इंजिनिअर, नकाशा त्याच्याकडे. दुसरं ठोकळे पुरवणार, तिसरं जोडणार. बोलल्याशिवाय गाडी पुढे सरकतच नाही. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असलेल्या मुलांसाठी हे सुरू झालं. "मित्राशी बोल" असं दहा वेळा सांगण्यापेक्षा, त्याच्याशी बोलायची गरज पडेल असं काम देणं मला कधीही बरं वाटतं.

इथे एक सांगायलाच हवं. अशा मुलाला डोळ्यांत बघून बोलायला लावणं, अमुक सेकंद नजर मिळवायला लावणं, याला मी थेरपी म्हणत नाही. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश अभ्यासक. त्यांनी २०१२ साली मांडलं की न समजणं दोन्ही बाजूंनी असतं; आपल्यालाही ऑटिस्टिक माणूस कळत नाही. मग बदलायचं फक्त मुलानेच का?

बराच वेळ बोललो. आता ठोकळे वाटतोय, दोघादोघांच्या जोड्या करा. एकाने मूल व्हायचं, एकाने आई किंवा बाबा. मागच्या रांगेतले काका, तुम्हीही या. मी घड्याळ लावतो, आणि तुमच्यापैकी एकजण प्रत्येक प्रश्नाला खडूने रेघ मारेल.