मधला वेळ

[पडद्यावर एका चेकचा खालचा काठ, अगदी जवळून]

चेकच्या तळाशी जे विचित्र वळणाचे आकडे असतात, ते नीट बघा. त्यांची शाई साधी नाही, तिच्यात लोहाचा अंश असतो. या आकड्यांवर शिक्का बसला, कुणाची सही त्यांच्यावरून गेली, तरी यंत्र ते वाचतं. यंत्राला शाईचा रंग लागतच नाही, तिच्यातलं चुंबकत्व पुरतं.

१९५०च्या दशकात अमेरिकेतल्या बँकांना चेकचा ढीग आवरेनासा झाला होता. प्रत्येक चेक हातात घ्यायचा, खातेदाराचं नाव वाचायचं, त्याचं पान शोधायचं, रक्कम वजा करायची. हे काम त्याच दिवशी संपवायचं, म्हणून बँकेची दारं दुपारीच बंद होत. बँक ऑफ अमेरिकाने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडून यासाठी एक यंत्र तयार करून घेतलं. त्याचं नाव ‘एर्मा’. १९५५ मध्ये ते लोकांसमोर आलं. खाती तोवर नावानेच लावलेली असत. यंत्राला नावं जमेनात, म्हणून तिथल्या खात्यांना क्रमांक मिळाले.

[जुनी छायाचित्रं: भिंतीत बसवलेलं यंत्र, भोवती गर्दी]

२७ जून १९६७. लंडनचं एनफिल्ड उपनगर, बार्कलेज बँकेची शाखा. भिंतीतल्या यंत्रातून पहिल्यांदा नोटा बाहेर आल्या. हे यंत्र जॉन शेफर्ड-बॅरन यांचं. तेव्हा प्लास्टिकचं कार्ड नव्हतं. बँकेतून आधी आणलेला खास कागद यंत्रात सरकवायचा. त्या कागदात कार्बन-१४ हे किरणोत्सारी द्रव्य अगदी अल्प प्रमाणात मिसळलेलं असे, आणि यंत्र ते ओळखत असे. शेफर्ड-बॅरन सांगत, की त्यांच्या मनात सहा आकडी पिन होता. पत्नी म्हणाली, मला चारच आकडे लक्षात राहतात. तेव्हापासून चार.

एटीएम आलं, कार्ड आलं, पुढे मोबाइल आला. या सगळ्यांनी मिळून एक गोष्ट थोडी थोडी करत संपवली: पैसे इथून निघाल्यापासून तिथे पोचेपर्यंतचा मधला वेळ. बँकेतला खरा बदल मला तरी हाच वाटतो.

त्या वेळाने माणसांना जाच केला, यात शंका नाही. कधी कधी तर बँकाही त्यात अडकल्या. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतल्या कोलोन शहरातली हेर्श्टाट बँक सरकारी यंत्रणेने दिवसाचं कामकाज संपताना बंद केली. न्यूयॉर्कमध्ये तेव्हा सकाळ होती. ज्यांनी या बँकेला जर्मन मार्क चुकते केले होते, त्यांना बदल्यात न्यूयॉर्कमध्ये डॉलर मिळायचे होते. ते मिळालेच नाहीत. दोन शहरांच्या घड्याळांतल्या फरकात पैसे बुडाले. या धोक्याला बँकिंगमध्ये आजही ‘हेर्श्टाट जोखीम’ म्हणतात.

पुढची वाट वेगाची. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झालं आणि बँकेची पायरी कधी न चढलेली माणसं साध्या फोनवरून घरी पैसे धाडू लागली. भारतात २०१६ ला यूपीआय आलं, ब्राझीलमध्ये २०२० ला पिक्स. आता रात्री दोन वाजताही पैसे काही सेकंदांत पोचतात. ज्याला औषधासाठी तातडीने पैसे हवेत, त्याला या सेकंदांचं मोल विचारा.

पण तो मधला वेळ राखणदारीही करत होता.

२००८ मध्ये अमेरिकेतली वॉशिंग्टन म्युच्युअल बँक बुडाली, तेव्हा घाबरलेल्या ठेवीदारांनी शेवटच्या दहा दिवसांत सुमारे १६७० कोटी डॉलर काढले होते. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँकेने रोखे तोट्यात विकल्याचं जाहीर केलं. दुसऱ्याच दिवशी, ९ मार्चला, तिथून ४२०० कोटी डॉलर निघाले. एका दिवसात. पूर्वी घाबरलेले ठेवीदार एकदम पैसे काढायला धावले की रांग लागे, रांगेत संध्याकाळ होई, आणि रात्रभर कुणीतरी तोडगा शोधत बसे. इथे ठेवीदार आपापल्या जागी फोन घेऊन बसले होते. १० मार्चला बँक बंद झाली.

[एक प्रिंटर. कागद बाहेर येत नाही]

आणि हा प्रिंटर. फेब्रुवारी २०१६, ढाका, बांगलादेशची मध्यवर्ती बँक. बँकेच्या संगणकात शिरलेल्या चोरांनी तिच्या नावाने न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला, जिथे तिचे डॉलर ठेवलेले होते, पैसे धाडण्याचे ३५ आदेश पाठवले, एकूण सुमारे ९५ कोटी डॉलरचे. आदेशांची नोंद छापणारा प्रिंटर त्यांनी आधीच निकामी केला होता. वेळही हेरून निवडली होती. गुरुवारची रात्र, पाठोपाठ ढाक्यातली शुक्रवार-शनिवारची सुट्टी, मग अमेरिकेतला रविवार, आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपिन्समध्ये गेले. श्रीलंकेला निघालेले २ कोटी मात्र वाटेत अडले. आदेशात ‘फाउंडेशन’च्या जागी ‘फँडेशन’ असं लिहिलेलं होतं. मधल्या बँकेत ते कुणाच्या तरी डोळ्यांना खटकलं आणि उलट विचारणा झाली. ते २ कोटी परत मिळाले.

आजचा चोर बहुतेक वेळा बँकेत शिरतच नाही, तो खातेदाराला फोन करतो. ‘तुमचं खातं धोक्यात आहे, पैसे ताबडतोब या सुरक्षित खात्यात हलवा.’ समोरचा माणूस घाबरतो आणि स्वतःच्या हाताने पैसे पाठवतो. यंत्राला यात वावगं काही दिसत नाही. फोन त्याचाच, बोट त्याचंच, पिनही त्याचाच. काही सेकंदांत आयुष्याची पुंजी एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात जाते. अशा माणसाला ‘चूक तुमचीच’ म्हणून वाटेला लावणं मला अन्यायाचं वाटतं. घाबरलेल्या माणसाला सावरायला दोन घटका लागतात. त्या आपण व्यवहारातूनच काढून टाकल्या.

काही ठिकाणी त्या परत आणल्या जात आहेत. सिंगापूरमध्ये २०२२ च्या नियमांनुसार नव्या फोनवर बँकेचं डिजिटल टोकन, म्हणजे व्यवहाराला मंजुरी देणारी फोनमधली किल्ली, सुरू करायला निदान १२ तास थांबावं लागतं. ब्रिटनने ऑक्टोबर २०२४ मध्ये कायदा बदलला. फसवणुकीचा सबळ संशय असेल, तर बँक आता पैसे आणखी ७२ तासांपर्यंत रोखून धरू शकते.

[रात्र. टेबलावर फोन. पडद्यावर ओळ: ‘तुमचा व्यवहार तपासासाठी थांबवला आहे’]

त्या तासांत बँकेतून फोन येतो. पलीकडचा माणूस विचारतो, ‘हे पैसे कुणाला पाठवताय? त्यांना प्रत्यक्ष भेटलायत का कधी?’