शिट्टी हे माप नव्हे

बाहेर फळ्यावर आजचा विषय लिहिलाय, 'माझ्या स्वयंपाकघरातले पाच साधे पदार्थ'. खाली माझं नाव आणि नावाआधी 'पाककलानिपुण'. हे शेवटचं मी लिहून दिलेलं नाही. मी 31 वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि तेवढीच वर्षं शाळेत जायच्या आधी आणि घरी आल्यावर स्वयंपाक केला. यात निपुणता कसली, नाइलाज होता. चिटणीसांनी मला पन्नास मिनिटं दिली आहेत. पाच पदार्थ, दर पदार्थाला दहा मिनिटं, असा त्यांचा हिशेब. गणित बरोबर आहे. वक्ता निवडताना चुकले.

पहिला पदार्थ साधं वरण. मागच्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, दिसलं मला. वर्गात मागच्या बाकावरचं दिसायची सवय अजून गेलेली नाही. वरण काय शिकवायचं, असं वाटतंय ना? मग मला सांगा, तूरडाळ शिजायला किती वेळ लागतो? हं, तीन शिट्ट्या. चार. तुमच्या पाच? कुकर जुना असेल. आणि हे काका म्हणतायत, 'पानं घेतली अशी हाक आली की शिजलेली असते.' काका, निदान खोटं तरी बोलत नाहीत. मी वेळ विचारला होता. एकानेही मिनिटं सांगितली नाहीत.

गेली चाळीस वर्षं मी या शिट्टीच्या मागे लागले आहे. घरात आता कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे आले.

शिट्टी होते म्हणजे काय होतं? झाकणावर एक वजन असतं. आत वाफ कोंडली, दाब वाढला, तो त्या वजनाला उचलण्याइतका झाला की वजन उचललं जातं आणि जास्तीची वाफ ओरडत बाहेर पडते. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये ते साधारण 120 अंशांपर्यंत चढतं, म्हणून डाळ लवकर शिजते. तर पहिली शिट्टी सांगते ती एवढंच, की आत पुरेसा दाब झालाय, आता आच कमी करा. डाळ शिजली असं ती सांगत नाही. डाळीबद्दल तिला काहीही माहीत नसतं.

आच कमी नाही केलीत तर ती ओरडत राहते. मोठ्या आचेवर भराभर, मध्यम आचेवर सावकाश, आणि आच अगदी बारीक ठेवलीत तर दहा मिनिटांत दुसरी शिट्टी होतच नाही. डाळ मात्र तिन्ही वेळा सारखीच शिजते, कारण आतलं तापमान तेच. गॅसकेट सैल असेल, वजनाच्या भोकात मागच्या आठवड्यातल्या डाळीचा फेस वाळून बसला असेल, तरी शिट्ट्यांचा आकडा बदलतो. असलं माप घेऊन मी प्रयोगशाळेत गेले असते तर शिपायाने आत सोडलं नसतं.

आता माझी गोष्ट. 1986 साल, डोंबिवली, लग्नाला तीन महिने झालेले. एक खोली आणि स्वयंपाकघर. स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडायची, आणि त्याच डक्टमध्ये वरच्या, खालच्या आणि समोरच्या घरांच्या खिडक्या. सकाळी साडेआठला सगळे कुकर एकदम लागायचे. कोणाकडे मटकीला मोड आलेत, कोण कुणाशी अबोला धरून आहे, सगळं त्या डक्टमधून कळायचं. सासूबाई गावाहून पहिल्यांदाच राहायला आल्या होत्या. मी कुकर लावला, मोरीवर भांडी घासत बसले आणि कान कुकरकडे. एक झाली. दोन झाल्या. तिसरी झाली, हात पुसले, गॅस बंद केला.

पानं घेतली. कुकर उघडला. भात बरा होता. डाळीच्या डब्यात वर निवळशंख पिवळं पाणी आणि तळाशी डाळ, एकेक डाळिंबी आपापली, कुणाची कुणाशी ओळख नसल्यासारखी. मी रवी घेऊन घुसळायला लागले, तर रवीवर ती खडखड वाजली. सासूबाईंनी डब्यात वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "डाळीला आंघोळ घातलीस वाटतं."

तीनपैकी माझी शिट्टी एकच होती. उरलेल्या दोन डक्टमधल्या. संध्याकाळी खालच्या वहिनी विरजण मागायला आल्या तेव्हा दुसरी बाजू कळली. त्यांनी आपली शिट्टी आमची समजून सोडून दिली होती आणि त्यांची डाळ करपून बुडाला लागली होती. त्यानंतर आम्ही एक पद्धत पाडली. ज्या घरची शिट्टी होईल तिने खिडकीत तोंड घालून ओरडायचं, "ही माझी!" बरीच वर्षं चाललं हे. पाहुणे आले की त्यांना वाटायचं, या इमारतीत रोज सकाळी कसली तरी वाटणी चाललेली असते.

सासूबाईंकडे कुकर नव्हता. आपल्याकडे कुकर 1959च्या सुमारास बनायला लागले, त्यांच्या घरात तो 1988मध्ये पोचला, तोही आमच्याकडचा जुना. त्या पातेल्यात डाळ शिजवायच्या आणि मधून एक डाळिंबी काढून अंगठा आणि तर्जनीत चेपून बघायच्या. पीठ झालं की झालं. कण लागला की अजून वाटीभर गरम पाणी, थंड नाही. वर झाकणीत पाणी ठेवलेलं असायचंच, ते त्यासाठी. एवढंच त्यांचं माप, पण डाळ जुनी असो, पाणी विहिरीचं असो, चूल पेटत नसो, ते कधी चुकलं नाही.

आणि नेमकं हेच मी एका दिवाळी अंकाला लिहून दिलं होतं. अंकाचं नाव सांगत नाही, त्यातले एक जण अजून मला संक्रांतीचे तिळगूळ पाठवतात. मी लिहिलं होतं, 'डाळ बोटांत चेपल्यावर पिठासारखी व्हावी'. छापून आलं, 'चार शिट्ट्या कराव्यात'. फोन केला, तर उत्तर मिळालं की वाचकांना नेमकेपणा लागतो. नेमकेपणा! शिवाय खाली आपल्या पदरची एक ओळ, 'वरून काजूचे तुकडे व ताजी साय घालून सजवावे'. साध्या वरणावर काजू! मी विचारलं, हे कुठून आलं? म्हणाले, जिन्नस फार कमी होते, पान रिकामं दिसत होतं.

बरं, हे सगळं आजचं नाही. 1679 साली लंडनमध्ये दनी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाने असं दाबाचं भांडं केलं, हाडं मऊ करण्यासाठी. झाकणावर वजनाची झडप त्याचीच. 1682मध्ये त्याने तिथल्या रॉयल सोसायटीच्या शास्त्रज्ञांना त्या भांड्यात शिजवलेलं जेवणही वाढलं. आता भांडं किती तापलंय हे तो कसं ओळखायचा? झाकणावर पाण्याचा एक थेंब टाकायचा आणि तो उडून जायला किती वेळ लागतो ते लंबकाने मोजायचा. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस सेकंद मोजत होता, आणि आपण हातात घड्याळ बांधून शिट्ट्या मोजतो.

चिटणीस घड्याळ दाखवतायत. आलेच वरणावर.

डाळ शिजत नाही त्याची कारणं सांगते, कारण दर वेळी दोष सुनेचा नसतो. तूर जूनमध्ये पेरतात, डिसेंबर-जानेवारीत काढतात. लातूरकडून नवी डाळ येते ती पटकन शिजते. वर्षभर पत्र्याच्या डब्यात उकाड्यात राहिलेली कडक होते, कितीही शिजवा, कण राहतो. दुसरं, पाणी. बोअरवेलच्या जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम डाळीच्या पेशी सुट्या होऊ देत नाहीत. तिसरं, आंबट. चिंच, आमसूल, टोमॅटो आधी घातलात तर डाळ हट्टाला पेटते, म्हणून आमटीतसुद्धा आंबट मागाहून. आणि चौथं, उंची. महाबळेश्वरला पातेल्यात डाळ टाकून बसा, तिथे पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. आम्ही एकदा सहलीत 40 मुलांचं वरण तिथे शिजवायला घेतलं होतं. मुलं शेवटी भात, लोणचं खाऊन झोपली.

तर वरण. एक वाटी तूरडाळ अर्धा तास भिजवायची. कसली वाटी, असं विचारू नका, कुठलीही, पण डाळ आणि पाणी दोन्हीला तीच. वाटीचं माप मला चालतं, कारण त्यात प्रमाण असतं. पाणी अडीच वाट्या, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, तेलाचे दोन थेंब म्हणजे फेस कमी येतो. कुकरमध्ये डब्यात लावायची. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक, आणि मग घड्याळ. माझ्याकडे बारा मिनिटं लागतात. थेट कुकरमध्ये टाकलीत तर कमी, कारण डब्यात उष्णता उशिरा पोचते. तुमच्याकडे किती लागतात ते डाळिंबी चेपून एकदा ठरवा आणि डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवा. दाब आपोआप उतरू द्या. मग गरम असतानाच घोटा, थंड डाळ गुठळ्या धरते. मीठ, सुपारीएवढा गूळ, लागेल तसं गरम पाणी आणि एक उकळी. फोडणी नाही. फोडणी घातलीत की ते फोडणीचं वरण, चांगलंच लागतं, पण तो दुसरा पदार्थ. पानात वाफाळत्या आंबेमोहोराची मूद, त्यावर हे, त्यावर तूप, बाजूला लिंबाची फोड. यातलं काही काढता येत नाही आणि काही घालता येत नाही. काजू तर नाहीच.

चिठ्ठी आली आहे. 'सात मिनिटे. चार पदार्थ बाकी.' अक्षर सुंदर आहे.

दुसरा, आमसुलाचं सार. आठ-दहा आमसुलं कोमट पाण्यात वीस मिनिटं भिजवून कुस्करायची. चार वाट्या पाणी, मीठ, गूळ. तुपात जिरं आणि एक मिरची मोडून, ती फोडणी वरून. उकळी फुटायला लागली, कडेला बुडबुडे आले, की बंद. खळाखळा उकळलं की चव उतरते. ॲल्युमिनियमच्या पातेल्यात करू नका, आंबट त्याला खातं. कोथिंबीर घाला, नसेल तर भाजीवाल्याकडे धावू नका.

तिसरा, खमंग काकडी. काकडी किसायची नाही, चोचवायची. हातात उभी धरून सुरीने घाव घालत जायचं आणि मग पातळ कापायची. वेळ लागतो, पण किसली की तिचं पाणी होतं. दाण्याचं कूट, लिंबू, चिमूटभर साखर, तुपाची जिरं-मिरची-हिंगाची फोडणी. मीठ पानं घेतल्यावर. आधी घातलंत तर मीठ पाणी ओढून घेतं आणि तुम्ही काकडीचं सार वाढता.

चौथा, पिठलं. यावर मी एरवी तासभर बोलते. तेलात मोहरी तडतडली, म्हणजे सगळी तडतडली, दोन दाणे नव्हेत, की हिंग, हळद, मिरची, कांदा. कांदा मऊ झाला की तीन वाट्या पाणी आणि मीठ. पाण्याला आधण आलं की एका हाताने वाटीभर बेसन पेरायचं, दुसऱ्या हाताने ढवळायचं. दोन हात दोन कामं करत नसतील तर बेसन आधी थंड पाण्यात कालवून घ्या, कोणी बघायला येत नाही. मग ऐकायचं. आधी खदखद आवाज येतो, घट्ट होत गेलं की तो फदफद असा होतो. फदफदायला लागलं आणि बेसनाचा कच्चा वास गेला की झाकण ठेवून एक वाफ. आवाजावर माझा राग नाही. पिठलं स्वतःबद्दल बोलतं.

पाचवा, मेतकूट भात. मेतकुटाचं प्रमाण आता सांगत बसत नाही, पण हरभरा डाळ, उडीद डाळ, तांदूळ, गहू वेगवेगळे भाजायचे, कारण प्रत्येकाचा भाजला गेल्याचा वास वेगळा आणि वेळ वेगळी. एकत्र भाजलंत तर उडीद जळतो आणि हरभरा कच्चा राहतो. मग धने, जिरं, थोड्या मेथ्या, सुंठ, हळद, हिंग घालून बारीक दळायचं. मेथ्या मोजून घाला, कडू झालं तर महिनाभर आपल्यालाच खावं लागतं. भात मऊ, अगदी आजाऱ्याला देतात तसा, वर तूप आणि मेतकूट.

भात मी आणलेला नाही, चिटणीसांनी परवानगी दिली नाही, सतरंजीवर सांडतो म्हणाले. पण मेतकुटाचा डबा आणलाय. पहिल्या रांगेपासून फिरवा, तळहातावर अर्धा चमचा घ्या. आणि काका, चमचा कोरडाच परत ठेवा, त्याला ओल लागली की चार दिवसांत वास येतो.